पोक्सो प्रकरणात अनेक यंत्रणांचा मेळ कसा घालावा

मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या, म्हणजे पोक्सो कायद्याखालील, प्रकरणात पोलीस, बाल कल्याण समिती (संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी समिती), जिल्हा बाल संरक्षण कक्ष (जिल्ह्यातील बाल संरक्षणाचे काम पाहणारा सरकारी कक्ष), रुग्णालय, विधी सेवा प्राधिकरण, शाळा आणि स्वयंसेवी संस्था अशा अनेक यंत्रणा एका मुलाभोवती गोळा होतात. प्रत्येकीचे नियम वेगळे, नोंदवही वेगळी आणि वरिष्ठही वेगळे असतात. त्यांचा समन्वय नीट चालला आहे की नाही, हे बैठकांच्या इतिवृत्तांवरून ठरवू नये; घडलेला प्रसंग त्या मुलाला किती जणांसमोर पुन्हा सांगावा लागला, हे आधी मोजावे.

यासाठी पहिले काम प्रकरण येण्यापूर्वीच करावे लागते. जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या पुढाकाराने सर्वांची बैठक घेऊन प्रत्येक यंत्रणेतील एक जबाबदार व्यक्ती आणि ती रजेवर असताना काम पाहणारी दुसरी व्यक्ती, अशी नावे व दूरध्वनी क्रमांक लिहून घ्यावेत. बदल्या होतच राहतात, म्हणून ही यादी दर तीन महिन्यांनी तपासावी. समन्वय ओळखीच्या एकाच अधिकाऱ्यावर उभा असेल, तर त्याच्या बदलीबरोबर तो कोसळतो. हे मी अनेकदा पाहिले आहे.

त्यानंतर कायद्यातील मुदती सर्वांनी एकत्र बसून वाचाव्यात, कारण एका यंत्रणेचा उशीर दुसरीच्या कामावर येतो. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांनी २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला माहिती द्यायची असते. आरोप घरातच राहणाऱ्या व्यक्तीवर असेल, तर मुलाला त्या घरातून हलवायचे का, हे समितीने तीन दिवसांत ठरवावे, अशी २०२० च्या नियमांत तरतूद आहे. पोलिसांची माहिती दुसऱ्या दिवशी सायंकाळी अपुरी पोहोचली, तर समितीला घरची परिस्थिती तपासायला वेळच उरत नाही. त्यामुळे त्या पहिल्या अहवालात घरात कोण कोण राहते आणि मुलाचा विश्वास कोणावर आहे, या दोन गोष्टी असाव्यात, असे पोलीस ठाण्याशी आधीच ठरवून घ्यावे.

रुग्णालयाशी बोलताना एक नियम आवर्जून सांगावा. तातडीचे उपचार देण्यापूर्वी कोणत्याही कायदेशीर पत्राची मागणी करता येत नाही. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयात पोलिसांचे पत्र आणल्याशिवाय केसपेपर काढणार नाही, असे सांगून मला आणि एका पीडित मुलीला रात्री बाकावर बसवून ठेवले होते आणि ती मुलगी तो सारा वेळ माझ्या ओढणीचे टोक घट्ट धरून होती. त्या रात्रीनंतर मी हा नियम छापून प्रत्येक अपघात विभागात स्वतः नेऊन देते.

व्यवसायांमधले मतभेद स्वाभाविक आहेत. तपास अधिकाऱ्याला जबाब लवकर हवा असतो, तर समुपदेशकाला मूल स्थिरावेपर्यंत थांबायचे असते. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, म्हणून वाद मुलासमोर किंवा दूरध्वनीवर न घालता दोघांना समोरासमोर बसवावे. जबाब घरी किंवा मुलाला हव्या त्या ठिकाणी घ्यावा आणि पोलीस गणवेशात नसावेत, हे कायदाच सांगतो. शिवाय मुलाच्या विश्वासातील व्यक्तीला जवळ असता येते. या सवलती पूर्ण वापरल्या, तर बहुतेक वाद मिटतात.

बाल कल्याण समितीने नेमलेली साहाय्यक व्यक्ती, म्हणजे तपास आणि खटल्याच्या काळात मुलाला साथ देणारी व्यक्ती, हा साऱ्या यंत्रणांमधला दुवा मानावा. पुढची तारीख, तपासाची स्थिती आणि अन्न, कपडे किंवा प्रवासासाठी समिती शिफारस करू शकते ती विशेष मदत, हे सर्व कुटुंबाला तिच्याकडूनच कळावे.

माहिती वाटून घेताना मात्र हात आखडता ठेवावा. वर्गशिक्षिकेला प्रसंगाचा तपशील लागत नाही. मूल काही दिवस गैरहजर राहील, त्याला वर्गात एकटे उभे करू नये आणि अमुक व्यक्तीखेरीज कोणाच्याही स्वाधीन करू नये, एवढे तिला पुरते. व्हॉट्सॲपच्या गटावर नाव, छायाचित्र किंवा गावाचा उल्लेख मुळीच नसावा. तिथे केवळ प्रकरणाचा क्रमांक लिहावा आणि बाकीचे बंद लिफाफ्यातून पाठवावे.