आरंभीच्या बोलपटांचे दिग्दर्शक : लिहिताना या चुका टाळा

कोकणातील वाचनालयांच्या स्मरणिकांत जुन्या चित्रपटांवर एखादा लेख हमखास असतो, आणि त्यात ठरावीक चुका पुन्हा पुन्हा छापल्या जातात. पहिली चूक हरिश्चंद्राच्या कथेमुळे होते. दादासाहेब फाळके यांचा १९१३ मधील ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट, व्ही. शांताराम यांनी ‘प्रभात’ या चित्रपट कंपनीसाठी दिग्दर्शित केलेला ‘अयोध्येचा राजा’ हा १९३२ मधील बोलपट. कथा एकच असल्याने एकाचे छायाचित्र दुसऱ्याच्या नावाने छापले जाते. अशा वेळी तारामती पाहावी. त्या वेषात दुर्गा खोटे असतील, तर चित्र बोलपटाचे आहे. फाळक्यांच्या पडद्यावर ती भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली होती.

अधिक खटकणारी चूक विष्णुपंत दामले यांच्याबाबत होते, आणि ती कोकणातच व्हावी याचे नवल वाटते, कारण दामले मूळचे गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध असलेल्या पेणचे. प्रभातचा चित्रपट दिसला की तो शांतारामांचाच, असे गृहीत धरून ‘संत तुकाराम’ (१९३६) त्यांच्या नावावर टाकला जातो. त्याचे दिग्दर्शन दामले आणि फत्तेलाल यांचे आहे. प्रभातच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या दामल्यांनी तेथे ध्वनिलेखनाची बाजूही सांभाळली. पण तेवढ्यावरून त्यांना केवळ तंत्रज्ञ ठरवणे हीसुद्धा चूकच.

ध्वनी कसा घेतला जाई, हे न पाहता दिग्दर्शकाला नावे ठेवण्याचा मोह तर फारच होतो. कॅमेरा हलत नाही, नट एका जागी उभे राहून गातात, म्हणून ‘हे तर चित्रित केलेले नाटक’ असा शेरा मारला जातो. परंतु कॅमेऱ्याची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून तो झाकून ठेवावा लागे आणि गाणे चित्रीकरणाच्या वेळीच मुद्रित होत असल्याने वादकांना चौकटीबाहेर, पण मायक्रोफोनच्या टप्प्यात बसवावे लागे. अर्देशिर इराणी यांना ‘आलम आरा’ (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटाचे बरेचसे चित्रण रात्री करावे लागले, कारण स्टुडिओजवळून जाणाऱ्या आगगाड्यांचा आवाज दिवसा थांबत नसे. त्या चित्रपटाची प्रत आज उपलब्ध नाही, तेव्हा त्याच्या शैलीवर ठाम मत देऊ नये. पार्श्वगायन हिंदी-बंगाली चित्रपटांत १९३५ च्या सुमारास आले. १९३२ च्या चित्रपटाला ‘पार्श्वगायक’ जोडलेला दिसला, तर ती ओळ छापण्यापूर्वी मूळ श्रेयनामावली पाहावी.