डेझर्ट मेरीगोल्ड लाडानंच मरतं: या चुका टाळा

अमेरिकेतल्या वाळवंटी फिनिक्सला राहायला आलो तेव्हा हे फूल पहिल्यांदा दिसलं ते फूटपाथच्या भेगेत. पिवळंधमक, राखाडी लवेची पानं, दीडेक फूट उंच दांडे. नाव डेझर्ट मेरीगोल्ड, शास्त्रीय नाव बेलिया मल्टिरेडिएटा. नावातल्या मेरीगोल्डनं आपल्याला झेंडू आठवतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. दोघंही सूर्यफुलाच्या कुळातले, पण झेंडूचे लाड याला मानवत नाहीत.

माझं पहिलं रोप मी लिंबाशेजारी लावलं, त्याच ठिबकच्या नळीवर. शिवाय भारतातून आलेली आई रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी घालायची, "किती सुकलंय गं बिचारं!" म्हणत. ते सुकलेलं नव्हतं, त्याचा रंगच तसा. महिन्याभरात मधली पानं पिवळी पडली. उपटायला गेले तर हलकं ओढताच हातात आलं: बुडाशी तपकिरी, लिबलिबीत, कुजका वास. फिनिक्सचा वर्षाचा पाऊस जेमतेम १८० मिलिमीटर. आपला दुष्काळी माण तालुकासुद्धा याहून दुपटीनं भिजतो. रोपानं मूळ धरेपर्यंत पाणी हवंच. नंतर भर उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांतून एकदा खोलवर द्या आणि माती पूर्ण सुकू द्या. पाऊस झाला असेल तर तेही नको.

खत नको, कंपोस्टही नको. पानं माजतात, दांडे लोळतात. जमीन मुरमाड असली की झालं. मात्र खणताना चुनखडीचा टणक थर लागला (इथे त्याला कलीची म्हणतात) तर तो फोडा, नाहीतर पाणी खड्ड्यात साचून राहतं. आणि सावलीत लावू नका.

बी उगवत नाही, ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकते. वेळ चुकलेली असते: आपण वसंतात पेरतो, याला हवी सप्टेंबर-अखेर ते नोव्हेंबर. काहीजण बोटभर खोल पुरतात. बी वर फोकायचं, दाताळं हलकं फिरवायचं आणि उगवेपर्यंत माती ओलसर ठेवायची.

पण माझी दोन वर्षं वाया गेली ती तिसऱ्याच कारणानं. अंगणातल्या खडीवर तण उगवू नये म्हणून माळीकाम करणारे शरद ऋतूत एक फवारा मारून जायचे. ते औषध तण आणि फूल यांत भेद करत नाही, अंकुर फुटतानाच मारतं आणि त्याचा असर काही महिने टिकतो. मी मात्र बियाणेवाल्याला दोष देत बसले होते! पेरायच्या जागी फवारा नको, हे त्यांना आधीच बजावून ठेवा. खडीखाली कापड अंथरलेलं असेल तर तेवढ्यापुरतं काढा.

थंडीत उगवलेली रोपं जमिनीला चिकटून, लोकरीच्या चकतीसारखी दिसतात. तण समजून उपटू नका. आणि ती हलवूही नका, मुळं दुखावलेली त्यांना सोसत नाहीत.

घरी शेळ्या-मेंढ्या असतील तर मात्र हे लावूच नका, त्यांना ते विषारी आहे.

झाड दोन-तीन वर्षांत संपतं, तुमचं काही चुकलेलं नसतं. पुढची रोपं बियांतूनच यायची, म्हणून फुलं सरसकट छाटू नका. सुकलेल्या पाकळ्या कागदासारख्या होऊन दांड्यावरच राहतात. मी अशी चार-पाच बोंडं ऑक्टोबरमध्ये तिथल्या तिथेच चुरडते.