सावली: शेड की शॅडो?
मराठीत दोन्हीला आपण सावलीच म्हणतो, म्हणून इंग्रजी बोलताना गल्लत होते. मे महिन्यात फर्ग्युसन रस्त्यावर झाडाखाली गाडी लावलीत, तर ती ‘शेड’मध्ये. तिथे ऊन लागत नाही, एवढंच महत्त्वाचं. फुटपाथवर तुमच्यासोबत चालणारी, सकाळी लांबलचक आणि भर दुपारी पायाशी गोळा होणारी आकृती मात्र ‘शॅडो’. लक्ष्मी रस्त्यावर साडी घेताना ‘यात फिकट शेड दाखवा’ म्हणतो ना? तिथे शॅडो चालत नाही. (पत्र्याची शेड हा वेगळाच शब्द.) उलट गुपचूप पाठलाग करणं किंवा जाणत्या माणसामागे राहून काम शिकणं, हे अर्थ शॅडोचे. उन्हातल्या सावलीबद्दल अडलात तर तिथे ‘पडछाया’ म्हणून बघा. बसला शब्द तर शॅडो, नाहीतर शेड.