उतारावरचं रान तोडून शेती करताय? पाण्याच्या बाबतीत या चुका टाळा

ठाण्यात राहायचं आणि मुरबाड-शहापूरकडे एक-दोन एकर जमीन घ्यायची, असं करणारे आता बरेच दिसतात. ती जमीन बहुधा वरकस असते, म्हणजे डोंगरउताराची, ऐन, कुडा आणि करवंदीच्या जाळ्यांनी भरलेली. व्यवहार झाला की पहिला फोन जेसीबीवाल्याला जातो. मुरबाड तालुक्यातल्या आमच्या तुकड्यावर आम्हीही तेच केलं. एप्रिलमध्ये रान साफ केलं आणि मेपर्यंत सगळा उतार तांबडा, मोकळा झाला. जूनअखेर खालच्या काकांच्या खाचरात आमची माती बोटभर साचली आणि त्यांची भाताची रोपं गाळात गेली. काका आम्हाला काहीच बोलले नाहीत, फावड्याने गाळ ओढत राहिले. पुढचं सगळं शिकलो ते त्या दिवसानंतर.

आधी हिशेब

एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की १० हजार लिटर, म्हणजे मोठा एक टँकर पाणी होतं. एकराला ४० टँकर. आपल्याकडे जुलैत असा दिवस उजाडणं नवलाचं नाही. या ४० टँकरांतलं किती पाणी जमिनीत शिरतं आणि किती वरून पळतं, एवढाच खरा प्रश्न आहे.

रानात बरंचसं पाणी शिरतं. त्याचं श्रेय आपण झाडांच्या शेंड्यांना देतो, पण मोठं काम पायाखाली चाललेलं असतं. पाचोळा थेंबाचा मार झेलतो. कुजलेल्या मुळांच्या नळ्या, गांडुळांची आणि वाळवीची भोकं यांतून पाणी खाली उतरतं. रान काढलं की थेंब उघड्या मातीवर आपटतो, बारीक कण उडून भोकांत बसतात आणि वर पातळ पापुद्रा धरतो. जेसीबीच्या वजनाने खालची माती आधीच दाबली गेलेली असते. मग मध्यम सरीचं पाणीही उतारावरून वाहायला लागतं.

‘मोठी झाडं ठेवलीत की!’

ही चूक सगळ्यात जास्त दिसते, कारण ती चांगल्या मनाने केली जाते. साग राखायचा, खालचं झुडूप काढायचं, पाचोळा जाळायचा, आणि रान वाचवल्याचं समाधान मानायचं. पण सागाच्या रुंद पानावर पाणी गोळा होऊन मोठे थेंब पडतात. उंचावरून ते चांगल्या वेगाने येतात आणि खाली झेलायला काहीच नसतं. अशा स्वच्छ केलेल्या सागाखाली माती उघड्या माळापेक्षाही जास्त उडू शकते. दोनच गोष्टी राखणं शक्य असेल तर पाचोळा आणि झुडूप राखा. भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, पाला लागतो हे खरं, पण तो सगळा एकाच उतारावरून खरवडून आणू नका.

‘ओढ्याला पाणी वाढलं, म्हणजे बरंच झालं’

ओढ्याला पाणी वाढतं, हे खोटं नाही. झाडं जमिनीतलं पाणी उपसून हवेत सोडतात. ती गेली की वर्षभराच्या हिशेबात ओढ्याला जास्त पाणी येतं. १९८२ मध्ये जगभरच्या ९४ पाणलोट प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही हेच दिसलं. पण हे पाणी येतं कधी, ते पाहा. जमीन दाबली गेली असेल तर ते पावसाळ्यातच पुरासारखं येतं आणि जातं. जे मुरून हिवाळ्यात झऱ्याला यायचं, ते कमी होतं. आमचा झरा पूर्वी मेपर्यंत टिकायचा. रान काढल्यानंतरच्या वर्षी तो फेब्रुवारीत आटला.

उलट टोकाचं बोलणंही टाळावं. रान असलं की पूर येतच नाही, असं नाही. सलग आठ दिवस पाऊस पडून माती तुडुंब भरली की रानातूनही पाणी वाहतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. इतका पाऊस कुठलीच जमीन पिऊ शकत नाही. रानाचा खरा उपयोग नेहमीच्या, मधल्या सरींत होतो.

बिघाड कुठे आहे, हे कसं ओळखायचं

मोठ्या सरीनंतर छत्री घेऊन शेतात जा. खडे मातीच्या छोट्या खांबांवर उभे दिसले तर आजूबाजूची माती उडते आहे. बोटभर रुंद ओघळी पडल्या असतील तर पाण्याने वाट धरली आहे, याच हंगामात ती मोडा. पुढच्या वर्षी तिची घळ होईल. ओढा सरीबरोबर गढूळ चढून तासाभरात उतरत असेल, तर वरचा उतार पाणी धरत नाही.

आणखी एक सोपी तपासणी पावसाळ्याआधी करा. तेलाच्या डब्याची दोन्ही तोंडं कापा, तो चार बोटं जमिनीत ठोका आणि ठरावीक पाणी ओतून घड्याळ लावा. एकदा झाडीखाली, एकदा साफ केलेल्या जागी. आमच्याकडे झाडीखाली पाणी बघता बघता गेलं, तर मोकळ्या जागी चहा पिऊन आलो तरी डब्यात होतं.

आता काय करायचं

अजून रान काढलं नसेल तर सगळं एकदम काढू नका. उताराला आडवे पट्टे घ्या, मध्ये रानाचे पट्टे सोडा. ओढ्याच्या दोन्ही काठांना हातच लावू नका. जेसीबीऐवजी कोयता आणि कुदळ, वेळ लागला तरी चालेल. झाड तोडण्याआधी सातबाऱ्यावर वनाची नोंद आहे का, हे पाहा. खासगी जमिनीवरच्या झाडांनाही १९६४ चा वृक्षतोड कायदा लागू आहे.

काढून झालं असेल तर नांगर उताराला आडवा चालवा. समतल रेषेवर, म्हणजे उतारावर एकाच उंचीवरून, चर खणा आणि वाळा गवताच्या ओळी लावा, ओघळीत दगड रचा. रेषा नजरेने ठरवू नका, गवंड्याकडची पातळी बघायची पाण्याची नळी आणा. चर एका बाजूला जरा जरी कलला तरी सगळं पाणी तिकडे धावतं आणि तिथेच बांध फुटतो. फार तीव्र उतारावर चर खणूच नका, मुरलेल्या पाण्याच्या भाराने दरड सरकू शकते. तिथे रान परत येऊ द्या.

आम्ही वरचा अर्धा एकर तसाच सोडला आहे. करवंद आणि कुडा आपसूक परतले. झरा यंदा मार्चअखेरपर्यंत चालला. काकांच्या बांधाला लागून आम्ही वाळा लावला आहे, त्याची ओळ ते स्वतःच सांभाळतात.