आडसाली उसाच्या खताचा डोस ठरवण्याआधी मातीचा नमुना

आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टात, पण मातीचा नमुना एप्रिल-मेमध्येच काढा. खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेलं पीक) तुटलाय, शेणखत अजून पडलेलं नाही, वाफसा (ना चिखल ना कोरडी, मशागतीजोगी ओल) आहे, ही खरी वेळ. पावसात चिखल तपासायला नेऊन उपयोग नाही. रासायनिक खत टाकून 3 महिने झाले नसतील तर थांबा.

एकरात फूटभर खोलीपर्यंत साधारण 16 लाख किलो माती असते. प्रयोगशाळेत जाते अर्धा किलो. चूक होते ती इथंच. नदीकाठची मळीची जमीन आणि माळरान यांचे नमुने वेगळे ठेवा. प्लॉटमध्ये नागमोडी फिरून 10-12 ठिकाणी 30 सेंटिमीटरचा खड्डा घ्या, निघालेली माती टाकून द्या आणि खड्ड्याच्या कडेचा वरपासून तळापर्यंत दोन बोटं जाडीचा काप काढा. नुसती वरची माती खरवडली की सेंद्रिय कर्ब फुगून दिसतो. पाचट (उसाचा वाळका पाला) पेटवलेली जागा तर टाळाच: राखेनं पालाश (पोटॅश) आणि सामू (pH, मातीचा आम्ल-विम्लपणा) दोन्ही चढतात आणि अहवाल बघून तुम्ही नेमकं पोटॅश कापता. बांध, उकिरडा, झाडाखालची जागा नको.

सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर खोऱ्यानं खणलेली बाजू लाकडी पट्टीनं खरवडून मगच काप घ्या, माती प्लास्टिकच्या घमेल्यात गोळा करा. पत्र्याच्या बादलीचं जस्त नमुन्यात उतरतं. ढेकळं फोडून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलोवर या. सावलीत वाळवा, कापडी पिशवीत भरा. युरियाची रिकामी पिशवी कधीही नको.

अहवालात आधी सामू आणि क्षारता बघा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी, गगनबावड्याच्या तांबड्या जमिनी आम्ल; तिथं स्फुरद (फॉस्फरस) लोह-ॲल्युमिनियमशी बांधला जातो, म्हणून आधी चुना. शिरोळकडं उलटं, तिथं जमिनी खारवट. क्षारता (EC) 1 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर पण सामू 8.5 च्या आत असेल तर जिप्समवर पैसे घालवू नका, चर काढून पाण्याचा निचरा करा. जिप्सम चोपण, म्हणजे सोडियम साचून घट्ट झालेल्या जमिनीसाठी.

आडसालीची शिफारस हेक्टरी 400:170:170 किलो नत्र, स्फुरद, पालाश. अहवालात जे कमी, ते 25 टक्के वाढवा. जे भरपूर, ते तेवढंच कापा. जस्त कमी निघालं तर हेक्टरी 20 किलो झिंक सल्फेट दहापट शेणखतात 5-6 दिवस मुरवून सरीत द्या. डीएपी या स्फुरदाच्या खतात मिसळून देऊ नका, जस्त आणि स्फुरद दोन्ही अडकून पडतात.