शीतगृहाचा कॉम्प्रेसर दर दोन मिनिटांनी का सुरू होत होता

नाशिकजवळच्या आमच्या द्राक्षांच्या शीतगृहात खोली ० अंशाला पोचून थर्मोस्टॅटने सोलेनॉइड व्हॉल्व्ह (गारवा आणणाऱ्या रेफ्रिजरंटचा प्रवाह अडवणारी विजेवरची झडप) बंद केल्यावरही कॉम्प्रेसर दर दोन मिनिटांनी सुरू होऊन लगेच बंद पडत असे, आणि अशाने मोटारीचे वाइंडिंग जळेल याची मला फार काळजी वाटत होती. यंत्रातला गॅस, म्हणजे रेफ्रिजरंट, कमी झाला असावा असे आधी निदान झाले होते; ते मला पटले नाही, कारण यंत्र चालू असताना साइट ग्लासमध्ये (नळीतला द्रव दाखवणाऱ्या काचेत) गॅस कमी असल्यावर दिसतात तसे बुडबुडे नव्हते. मी बंद व्हॉल्व्हला हात लावून पाहिला. आत येणारी नळी कोमट होती, तर बाहेर जाणारी थंडगार असून तिच्यावर दव साचले होते. म्हणजे बंद व्हॉल्व्हमधूनही द्रव रेफ्रिजरंट झिरपून सक्शनचा (कॉम्प्रेसर गॅस ओढतो त्या बाजूचा) दाब वाढत होता आणि त्या दाबावर चालणारा लो-प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला पुन्हा पुन्हा चालू करत होता.

गॅस रिसीव्हरमध्ये (द्रव साठवणाऱ्या टाकीत) ओढून घेऊन व्हॉल्व्ह खोलला, तेव्हा त्याच्या सीटवर (झडप टेकते त्या जागी) ब्रेझिंगची, म्हणजे नळ्या तापवून जोडतानाची, काळी खपली अडकलेली सापडली. (नळ्या जोडताना आतून नायट्रोजन सोडला नाही, की ही खपली धरतेच.) सीट साफ केली, कचरा आणि ओलावा टिपणारा फिल्टर-ड्रायर बदलला, व्हॅक्यूम करून आतली हवा काढली आणि स्विचचा कट-इन (कॉम्प्रेसर सुरू होण्याचा दाब) २० वरून ४० पीएसआयवर नेला, कट-आउट (बंद होण्याचा दाब) १५ वरच ठेवला. त्या रात्री बंद झालेला कॉम्प्रेसर खोलीचे तापमान वाढेपर्यंत सुरू झाला नाही.