धरणाचा आकडा असा ताडून बघा

कोयना खोऱ्यात माझी नोकरी पातळीची पट्टी वाचण्यात गेली. आता तेच काम रडार सेन्सर करतं. तरी आकडा आला की आधी कोयनानगर, नवजा, महाबळेश्वरचा पाऊस बघा. तिन्हीकडे कोरडं आणि पातळी एकदम फूटभर वर? मग सेन्सरच तपासा. आमच्याकडे एकदा कोळ्यानं त्याच्या तोंडाशीच जाळं विणलं होतं!

आवक, म्हणजे धरणात येणारं पाणी, बहुतेकदा हिशेबानंच काढतात: साठ्यातली वाढ अधिक विसर्ग, म्हणजे बाहेर सोडलेलं पाणी. 11,574 क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट) 24 तास वाहिलं की 1 टीएमसी (एक अब्ज घनफूट), एवढं पाठच करा. दिवसात साठा 2 टीएमसी वाढला, विसर्ग 5,000 क्युसेक, तर आवक 28,000च्या वर. विसर्गात वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला जाणारं पाणी धरा. नवे लोक तिथंच चुकतात.

कोयनेचं पाणी पुढे कृष्णेतून सांगलीला जातं, म्हणून सांगलीकरांनी तिथल्या आयर्विन पुलाची पट्टी बघावी: 40 फूट इशारा, 45 धोका.